हवेत चार मिनिटं

माझ्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचा एक थेंब सुटला आणि समोरच्या फॉर्मवर, बरोबर ‘वय’ ह्या रकान्यात पडला. तिथे मी नुकतंच ५१ लिहिलं होतं. शाईचं पेन वापरायची माझी जुनी खोड. त्यामुळे त्यातला एक फुगला, पसरला आणि त्याचा सात झाला की नऊ, ते सांगता येईना. समोरच्या बाईंच्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा आवळलेला, माझ्या कानांत नळ्या, आणि पारा हळूहळू खाली येत होता. अशा वेळी बाहेरचं काही ऐकू येत नाही. बाईंचे ओठ हलले. मी एका कानातली नळी काढली. ‘काय म्हणालात?’ ‘म्हटलं, तुमचं कधीपासून?’ ‘माझं काय?’ ‘हेच,’ त्या म्हणाल्या आणि मोकळ्या हाताच्या बोटानं त्यांनी तो थेंब दाखवला, एखाद्या वस्तूत खोट दाखवावी तसा. ‘खोलीत हवा कोंदते,’ मी म्हटलं. खोलीला दोन खिडक्या आहेत. दोन्ही मीच सकाळी सताड उघडल्या होत्या. थंडीचे दिवस होते. दाराजवळच्या टेबलाशी पट्ट्यांच्या गुंडाळ्या लावत बसलेल्या सिस्टरनी स्वेटरची सगळ्यात वरची गुंडी लावली.

ह्या कारखान्यात मी अठरा वर्षं डॉक्टर आहे. आमच्याकडे मोठे पंप बनतात, धरणातलं पाणी उचलणारे. अकराशे पुरुष आणि दोनशेच्या वर बाया. पुरुषांची बोटं कापतात, डोळ्यांत लोखंडाचे कण जातात, पाठी धरतात. ते मला जमतं. कण काढावा तर मीच, असं अजूनही म्हणतात. बाया येतात त्या दाराशी जरा रेंगाळून येतात. झोप लागत नाही, छातीत धडधडतं, अंग एकदम भाजल्यासारखं होतं, साध्या साध्या गोष्टी विसरायला होतात, घरात सगळ्यांवर डाफरते. अठरा वर्षं मी ह्या सगळ्याला एकच शब्द लिहीत आले: ताण. त्याखाली, सकाळी फिरायला जा, जेवण वेळेवर घ्या, लोहाच्या गोळ्या, पंधरा दिवसांनी दाखवा. पंधरा दिवसांनी कोणी दाखवायला येत नसे. बऱ्या झाल्या असतील, असं मी धरून चालले होते. माणूस परत आला नाही की बरा झाला, हा माझ्या धंद्यातला सगळ्यात सोयीचा निष्कर्ष आहे आणि तो मी कधी तपासला नव्हता.

समोर बसलेल्या बाईंना सगळा कारखाना ‘वरची’ म्हणतो. जोडणीच्या शेडमध्ये छपराखालून जी क्रेन धावते, ती गेली अकरा वर्षं त्या चालवतात. जमिनीपासून चाळीस फुटांवरच्या केबिनमध्ये त्यांचं बूड असतं आणि खाली पंपांची दोन-दोन टनांची कवचं त्यांच्या हाताच्या इशाऱ्यावर इकडून तिकडे जातात. शेडमध्ये कोणी कामचुकारपणा करायला लागला की बाकीचे म्हणतात, अरे, वरची बघतेय. तर मागच्या बुधवारी वरचीनं क्रेन मधेच थांबवली होती. कवच हवेत, शेड खोळंबलेली, चार मिनिटं. शेडच्या मॅनेजरांनी घड्याळ लावून मोजली आणि कागद एचआरकडे पाठवला. एचआरच्या साहेबांनी तो माझ्याकडे पाठवला: सदर महिला कर्मचारी क्रेन चालवण्यास योग्य आहे किंवा कसे, कारणासह कळवावे. तोवर बाईंना खाली स्टोअरमध्ये बसवलं होतं, नट आणि वॉशर वेगळे करायला.

‘चक्कर आली होती का?’ मी विचारलं. ‘नाही.’ ‘डोळ्यांपुढे अंधारी?’ ‘नाही. डोळ्यांत घाम गेला. घाम गेला की खालची माणसं दिसत नाहीत. दिसत नाहीत तर मी माल हलवत नाही. घंटी वाजवली, थांबले, तोंड पुसलं, पाणी प्यायले, निघाले.’ ‘चार मिनिटं लागली?’ ‘असतील. त्यांनी मोजली. मला तेव्हा काम होतं.’ मी लिहायला पेन उचललं आणि ते तसंच धरून बसले. बाईंनी माझी थोडी वाट पाहिली. मग त्याच म्हणाल्या, ‘चौदा महिने झाले बंद होऊन. तुम्ही विचारलं नाहीत म्हणून सांगते.’ मी मान हलवली, जणू विचारणारच होते. त्या खुर्चीत जरा पुढे सरकल्या. ‘डॉक्टरबाई, हे बघा. तुम्ही दुसरंच काहीतरी लिहाल तर मी आजारी ठरेन. खरं लिहाल तर म्हातारी ठरेन. म्हाताऱ्या बाईला कोण दोन टन माल देतंय हातात? काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. पण मला नट निवडायला बसवू नका. मी वेडी होईन तिथं.’ ‘सोमवारी मीटिंग आहे,’ मी म्हटलं, ‘बघू.’ ‘बघा,’ असं म्हणून त्यांनी स्वतःच दंडाचा पट्टा सोडला, गुंडाळला, नीट डब्यात ठेवला. ब्लडप्रेशर किती होतं ते मी बघायचंच विसरले होते.

त्या गेल्या, आणि मी फॉर्मवरच्या त्या फुगलेल्या आकड्याकडे बघत बसले. तुमचं कधीपासून. असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. आणि उत्तर मला तारखेसकट ठाऊक होतं, ह्याचा मला राग आला. कॉलेजात हा विषय आम्हाला शिकवला होता, नाही असं नाही. बाळंतपणावर अख्खं वर्ष झालं आणि शेवटच्या तासाला, जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं असताना, सर म्हणाले, आता हे राहिलंय, रजोनिवृत्ती. पुस्तकात दीड पान आहे, वाचून घ्या, परीक्षेला येत नाही. सगळे हसले, मीही हसले, वह्या मिटल्या. वीस वर्षांच्या मुलीला ते दीड पान म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी देशाचा नकाशा. आणि त्याच सुमाराला घरी माझी आई रोज दुपारी लोखंडी कपाटाला गाल टेकून उभी असायची. झोपायच्या खोलीतलं ते करड्या रंगाचं कपाट. आई डोळे मिटून, एक गाल पत्र्याला लावून, दोन्ही तळवे दारावर पसरून उभी. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं ती काहीतरी ऐकतेय. ती गेल्यावर मीही जाऊन कान लावला. आतून काहीच ऐकू आलं नाही, फक्त पत्रा गार होता आणि एका जागी जरासा ओला, गालाच्या आकाराचा. बाबा विचारायचे, ‘काय म्हणतंय कपाट?’ आई म्हणायची, ‘तुमच्याविषयी विचारतंय.’ हा त्यांचा विनोद वर्ष-दोन वर्षं चालला आणि मग एके दिवशी आई कपाटाशी जायची थांबली. मी डॉक्टर झाले, लग्न झालं, आई गेली, कपाट भावाकडे गेलं. ती कपाटाशी का उभी राहायची हे कळायला मला त्या दिवसापर्यंत थांबावं लागलं, फॉर्मवर थेंब पडेपर्यंत. आणि कळलं तेही आपणहून नाही, क्रेनवाल्या बाईंनी बोट दाखवलं म्हणून.

पण अगदीच कळलं नव्हतं असं म्हणणं म्हणजे लबाडी. आठ महिन्यांपूर्वी मी माझं रक्त तपासून घेतलं होतं. तपासणारा माझ्याच वर्गातला मित्र, त्याची लॅब मोठी, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हणून मी रक्त माझं दिलं आणि नाव सासूबाईंचं दिलं. आता कबूल करताना ह्यात शहाणपण कुठे होतं ते दिसत नाही, पण त्या दिवशी मला ते फार धूर्त वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन. ‘अगं, सासूबाईंचं वय एक्क्याऐंशी ना? मग ही हार्मोनची तपासणी कोणी काढली?’ ‘त्यांनीच हट्ट धरला,’ मी म्हटलं. मग तो म्हणाला, ‘त्यांना सांग, ह्या वयात हे असंच येणार. काळजी करू नका म्हणावं.’ मला खरोखरच बरं वाटलं. ह्या वयात हे असंच येणार. फक्त त्याच कागदावर खाली कोलेस्टेरॉलही होतं, आणि ते भलतंच चढलेलं होतं. कागद माझ्या नवऱ्याच्या हाती पडला. तो नकाशे काढणाऱ्या खात्यात आहे. कुठलाही आकडा दिसला की त्यावर काहीतरी करायला हवं असं त्याला वाटतं. त्यानं त्याच दिवशी आईचं लोणी बंद केलं.

क्रेनवाल्या बाई येऊन गेल्या त्या संध्याकाळी जेवायला बसलो तेव्हा सासूबाई कोरडा पाव मोडून सारात बुडवत होत्या. समोर माझ्या ताटाशी लोण्याची वाटी. त्या वाटीकडे बघत नव्हत्या, पण कशा बघत नव्हत्या ते मला दिसत होतं. माझ्या तोंडातला घास फिरायला लागला. ‘आई,’ मी म्हटलं, ‘तुमचं कोलेस्टेरॉल ठीक आहे.’ ‘बरं झालं बाई. उतरलं का आठ महिन्यांत?’ ‘ते चढलंच नव्हतं. ते माझं होतं.’ नवऱ्याचा चमचा ताटाच्या वर थांबला. सासूबाईंनी पावाचा तुकडा सारात सोडून दिला. ‘म्हणजे कोलेस्टेरॉल तुझं आणि लोणी माझं बंद?’ मी मान खाली घालून सगळं सांगितलं, लॅब, मित्र, नाव. त्यांनी वाटी आपल्याकडे ओढली, पावावर बोटभर जाडीचा थर दिला आणि तो खाता खाता त्यांना हसू यायला लागलं. इतकं, की नवऱ्यानं पाण्याचा पेला पुढे केला. ‘अगं, माझी पाळी गेली की नाही हे तू एक्क्याऐंशीव्या वर्षी तपासायला दिलंस? मला विचारायचंस, मी फुकट सांगितलं असतं!’ मग डोळे पुसून म्हणाल्या, ‘मी बाई दुपारी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसायचे. ह्याचे वडील बाहेरून ओरडायचे, पाणी वाया जातंय, पाणी वाया जातंय. आत काय चाललंय ते नाही कधी विचारलं.’ मला बोलायला कोणीतरी हवं होतं, म्हणून मी नवऱ्याकडे वळले. हा माणूस मागची दोन वर्षं थंडीत दोन स्वेटर, पायमोजे आणि कानटोपी घालून झोपतो, कारण माझी खिडकी उघडी असते. ‘तू तरी कधी विचारलंस का मला काय होतंय?’ त्यानं अगदी प्रामाणिकपणे विचार केला. ‘तू डॉक्टर आहेस,’ तो म्हणाला. ‘मला वाटलं, तुला माहीत असेल.’

शनिवारी मी क्रेनवर चढले. अठरा वर्षांत मी त्या शेडमध्ये शेकडो वेळा गेले असेन, पण खालून. वर बसणाऱ्या माणसाला मी कायम खाली बोलावून तपासलं, माझ्या खोलीत, माझ्या खिडक्यांशेजारी. चढायचं म्हटल्यावर सेफ्टीवाल्यांनी मला पट्टा बांधला, हेल्मेट दिलं आणि एक कागदही दिला, त्यावर लिहिलं होतं की पडल्यास जबाबदारी माझी. बाई स्टोअरमधून आल्या होत्या. त्या माझ्या मागून चढल्या, ‘म्हणजे घसरलात तर माझ्यावर पडाल,’ असं म्हणून. बेचाळीस पायऱ्या. विसाव्या पायरीशी मी खाली पाहिलं, आणि मग एकतिसाव्या पायरीपर्यंत फक्त माझ्या बोटांकडे. ‘बोलत राहा, डॉक्टरबाई, बोलत राहिलं की भीती कळत नाही,’ बाई खालून म्हणाल्या. ‘काय बोलू?’ ‘सांगा की, कधीपासून.’ ‘दोन वर्षं,’ मी शिडीला म्हटलं. ‘दोन वर्षं आणि एक महिना.’ ‘मग तुम्ही मला सीनियर,’ त्या म्हणाल्या, आणि मला हसू आलं. चाळीस फुटांवर हसू आवरत चढणं किती अवघड आहे ते मला तेव्हा कळलं. केबिनमध्ये बदलीवर आलेला क्रेनवाला बसला होता, चाळिशीतला, जाड मिशांचा, शर्ट काढून बनियनवर, आणि त्याच्या मिशांतून घाम ठिबकत होता. मी खिशातून हवेचं तापमान मोजायचं थर्मामीटर काढून खुर्चीच्या पाठीला अडकवलं. खाली भट्टीच्या बाजूची सगळी गरम हवा छपराखाली येऊन साचते; काच बंद, कारण धूर; पारा चव्वेचाळीसला जाऊन थांबला. बाहेर लोक मफलर बांधून हिंडत होते. ‘भट्टी आहे ही, मॅडम,’ क्रेनवाला म्हणाला. ‘मी तर तासाला एकदा खाली उतरतो. सिगारेट ओढतो, तोंड धुतो, दहा-बारा मिनिटांनी येतो.’ ‘कोणी मोजत नाही?’ मी विचारलं. ‘काय मोजायचंय त्यात?’ त्याला खरंच समजलं नाही. बाईंनी काचेतून खाली बोट दाखवलं. शेड इतकी लहान दिसत होती की हातात उचलावी. ‘इथून सगळ्यांची टक्कलं दिसतात,’ त्या म्हणाल्या. ‘शेडचे मॅनेजर हेल्मेट घालत नाहीत, हे मला अकरा वर्षं माहीत आहे. मी कधी कागद पाठवला नाही.’

रविवारी मी ते दीड पान शोधून वाचलं. आता ते दीड पान राहिलेलं नाही, पुष्कळ लिहिलंय लोकांनी. मी वाचलेलं नव्हतं एवढंच. मात्र एक गोष्ट मला आधीपासून पाठ होती आणि मी ती कधी वापरली नव्हती: कारखान्याच्या डॉक्टरनं माणूस कामाला योग्य की अयोग्य, आणि काय सोय करायला हवी, एवढंच कळवायचं. आतलं कारण डॉक्टर आणि त्या माणसाच्या मधे. म्हणजे बाईंना आजारीही ठरवायला नको आणि म्हातारीही. मी घरभर फिरत वाक्यं जुळवली, आरशासमोर म्हणून पाहिली. सासूबाई लोणी लावता लावता ऐकत होत्या. ‘छान म्हणतेस,’ त्या म्हणाल्या, ‘पण इतकं छान म्हणू नकोस, पाठ केल्यासारखं वाटतं.’

सोमवारी मीटिंगला आम्ही चौघं. एचआरचे साहेब, पस्तिशीचे, समोर लॅपटॉप, मागे भिंतीवर त्यांनीच लावलेलं पोस्टर: तुमचं आरोग्य, आमची जबाबदारी. त्यांच्या शेजारी शेडचे मॅनेजर, घड्याळ टेबलावर काढून ठेवलेलं. समोर बाई, हात मांडीवर. आणि मी. ‘बाई क्रेन चालवायला पूर्ण योग्य आहेत,’ मी म्हटलं. ‘वा,’ एचआरचे साहेब म्हणाले, ‘आणि कारण?’ ‘कारण मी कळवत नाही. नियम तसा आहे.’ ‘नियम बरोबर आहे मॅडम, पण फॉर्म ऑनलाइन आहे. कारण निवडल्याशिवाय पुढे जातच नाही.’ त्यांनी लॅपटॉप आमच्याकडे वळवला. ‘अपघात, संसर्ग, व्यसन, मानसिक, गरोदरपण, इतर. इतर टाकलं तर खाली सविस्तर लिहावं लागतं.’ ते जरा अडखळले. ‘लेडीजसाठी म्हणाल तर गरोदरपण तेवढं आहे.’ ‘टाका,’ बाई म्हणाल्या. ‘रजा तरी मिळेल.’ शेडचे मॅनेजर हसले आणि लगेच खोकले. मी जुळवलेली वाक्यं काढली. केबिनमधलं तापमान सांगितलं, बदलीवाला दर तासाला उतरतो ते सांगितलं. मॅनेजरांनी घड्याळ हातात घेतलं आणि परत ठेवलं. सगळं छान चाललं होतं. ‘तेव्हा माझी शिफारस अशी,’ मी म्हटलं, ‘दर दोन तासांनी दहा मिनिटं थांबायची मुभा, प्यायला गार पाणी, आणि केबिनमध्ये एक...’

आणि तो शब्द नव्हताच. जिथे तो असायला हवा तिथे एक गुळगुळीत, रिकामी जागा. मी तिथे हात फिरवत राहिले. त्याच क्षणी पोटातून ती लाट निघाली, छातीवर आली, मानेवर, कानांच्या पाळ्यांवर. जणू कोणी माझ्या आत दिवा मोठा केला. ‘केबिनमध्ये एक,’ मी पुन्हा म्हटलं, ‘ते बसवा. फिरतं ते. पाती असतात.’ ‘पंप?’ शेडचे मॅनेजर म्हणाले, कारण ते आम्ही बनवतो. ‘नाही हो. घरात असतं.’ ‘मिक्सर?’ एचआरचे साहेब म्हणाले. त्यांना मदत करायची मनापासून इच्छा होती. मी हातानं गोल गोल करून दाखवलं. ‘चक्की,’ मॅनेजर म्हणाले. ‘घड्याळ?’ साहेब म्हणाले. घाम हनुवटीवरून टेबलावर पडत होता आणि सगळे तो न बघण्याचा प्रयत्न करत होते. बाईंना शब्द माहीत होता, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता, पण त्या बोलत नव्हत्या. अर्धवट वाटेत असलेल्या मालाला कोणी बाहेरून हात लावायचा नसतो, तशा त्या नुसत्या थांबल्या होत्या. आणि मग माझ्या तोंडून, अगदी ठणठणीत आवाजात, खात्रीनं, शब्द आला. ‘रजोनिवृत्ती,’ मी म्हटलं. ‘केबिनमध्ये एक रजोनिवृत्ती बसवा. छोटी. भिंतीला.’

एचआरच्या साहेबांनी ते टाइप करायला घेतलं. अर्ध्यावर त्यांची बोटं थांबली. त्यांनी बाईंकडे पाहिलं, मग झटकन छताकडे. शेडचे मॅनेजरही बाईंकडे बघायला लागले, आणि त्यांच्या बघण्यात मला तो निकाल दिसला, म्हातारी. जे मी लिहिणार नव्हते ते मी ओरडून सांगितलं होतं. ‘कोणाची...?’ साहेबांनी हळूच विचारलं. ‘माझी,’ मी म्हटलं. एवढं बोलायला काहीच लागलं नाही, ह्याचंच मला आश्चर्य वाटलं. ‘माझी म्हणतेय मी. दोन वर्षं झाली. आत्ता मला एक साधा शब्द आठवत नव्हता आणि अंगाला आग लागली होती, ती तीच. किती वेळ गेला?’ शेडच्या मॅनेजरांनी सवयीनं घड्याळाकडे पाहिलं. ‘तीन मिनिटं. साडेतीन.’ ‘ह्या साडेतीन मिनिटांत कोणाचा जीव गेला का?’ ‘नाही.’ ‘मी अयोग्य आहे का? असेन तर तसं सांगा, म्हणजे ह्या फॉर्मवर सही करायला दुसरं कोणी शोधा.’ मी रुमालानं टेबलावरचा घाम पुसला. ‘मी थांबले, पुसलं, आता बोलतेय,’ मी म्हटलं. ‘बाई थांबल्या, पुसलं, आणि मग दोन टन माल जिथल्या तिथे ठेवला. माझ्या हातून मात्र भलतंच काहीतरी सुटलं. दोघींत क्रेन कोणाला द्यावी, तुम्हीच सांगा.’ बाई पहिल्यांदाच खुर्चीत मागे टेकून बसल्या. ‘माझीपण तीच,’ त्या मॅनेजरांना म्हणाल्या, गाडीचा नंबर सांगावा तसं. ‘चौदा महिने. आणि त्या पंखा म्हणतायत. केबिनला पंखा हवाय.’

पंखा! मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. साहेबांनी ‘इतर’ निवडलं आणि सविस्तरमध्ये लिहिलं: केबिनमध्ये उष्णता. ते खोटं नव्हतं. पंखा मंजूर झाला, दहा मिनिटांची मुभाही झाली, आणि मी अडून बसल्यावर ती केबिनमध्ये बसणाऱ्या प्रत्येकाला, मिशांवाल्यालाही. उठता उठता साहेबांना काम सुचलं. ‘मॅडम, पंचेचाळीसच्या वरच्या सगळ्या लेडीजची एक यादी करून घेऊ या का? म्हणजे आपण लक्ष ठेवू.’ ‘जरूर,’ मी म्हटलं. ‘आधी पन्नाशीच्या वरच्या पुरुषांची करू, रात्रीत किती वेळा उठतात त्याची. शेडपासून सुरुवात करू.’ ‘यादीबिदी नको,’ शेडचे मॅनेजर तातडीनं म्हणाले. बाहेरच्या जिन्यात बाईंनी माझे आभार वगैरे मानले नाहीत. ‘जाते वर,’ म्हणाल्या, ‘तीन दिवसांचा माल तुंबवून ठेवलाय त्या मिशीवाल्यानं.’ दोन पायऱ्या उतरून त्या थांबल्या. ‘छोटी बसवा म्हणे. भिंतीला.’ आणि शेडच्या दारापर्यंत त्यांचे खांदे हलत होते ते मी पाहिलं.

माझ्या खोलीत आले तेव्हा सिस्टर पट्ट्यांचा डबा बंद करत होत्या. मीटिंगची बातमी माझ्याआधी पोचली होती. कारखान्यात ती नळातून येते की काय कोण जाणे. मी खुर्चीत बसले आणि म्हटलं, ‘सिस्टर, जरा माझं प्रेशर घ्या.’ त्यांनी ते घेतलं. अठरा वर्षांत पहिल्यांदा. पट्टा सोडताना, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, ‘ठीक आहे तुमचं. माझं तर थांबलंसुद्धा हे सगळं. सहा वर्षं चाललं होतं.’ ‘काय?’ ‘हेच. इथंच बसून. तुम्हाला सांगितलं होतं मी एकदा, झोप लागत नाही म्हणून. तुम्ही म्हणालात, फिरायला जा.’ त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. मला आठवेना. मी खूप आठवून पाहिलं, आणि मला त्यांचा चेहरा आठवेना, दिवस आठवेना, माझं वाक्य मात्र जसंच्या तसं ऐकू येत होतं. ‘गेलात?’ मी विचारलं. ‘कुठे?’ ‘फिरायला.’ ‘इथून घरी जायला पाऊण तास चालते मी, रोज. अजून कुठे फिरू?’ मी उठले. माझी खुर्ची सोडून मी पेशंटच्या बाजूच्या स्टुलावर बसले, आणि माझ्या खुर्चीकडे हात केला. ‘बसा. सांगा मला.’ ‘आता कशाला? आता संपलं की ते. मला काही होत नाही आता.’ ‘तरी सांगा. सुरुवातीपासून सांगा.’ सिस्टरनी दाराकडे पाहिलं, बाहेर कोणी खोळंबलंय का ते. कोणी नव्हतं. मग त्या माझ्या खुर्चीत आल्या, जरा अवघडून, अगदी कडेला बसल्या, टेबलावरचं माझं पेन उगाच सरळ केलं आणि म्हणाल्या, ‘पहिल्यांदा झालं ना, तेव्हा मी एका पेशंटला इंजेक्शन देत होते. आणि मला वाटलं, खोलीला आग लागली. मी त्याला म्हटलं, पळा! तो तसाच पळाला हो, सुई घेऊन.’